ओल्या जिभेचा भरोसा

जानेवारीतल्या एका मंगळवारी कापगते सर अकरावीच्या वर्गात फळ्यासमोर खाली बसले. मुलांनी पाणी आणलं. प्राचार्यांनी गाडी बोलावली. गोंदियाला पोचायच्या आधी सर गेले. पल्लवीला फोन मी केला.

पल्लवी ही त्यांची एकुलती एक मुलगी. देशातल्या नावाजलेल्या दोन बिझनेस स्कूलमध्ये तिला प्रवेश मिळाला होता. त्यातल्या पूर्वेकडच्या संस्थेत ती एमबीएच्या पहिल्या वर्षाला होती. विमानानं रायपूरला उतरून, तिथून टॅक्सीनं ती दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आली. अंगणात माणसं होती. ती सरांच्या उशाशी बसली. मग आईच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "एवढं तरी झालं आई. कॉलेज मी बाबांच्या मनातलं घेतलं."

वहिनींनी, सरांच्या पत्नीनं, मान हलवली. जमलेल्या बायकांनी डोळ्याला पदर लावला. मी मात्र दुसरीकडे पाहिलं. का, ते सांगायचं तर सर कसे होते ते आधी सांगायला हवं.

आमचं कनिष्ठ महाविद्यालय सडक अर्जुनीचं. सर तिथं गणित शिकवायचे आणि मी ग्रंथपाल. मी वर्ध्याकडचा, त्यामुळे सुरुवातीला त्यांची बोली मला नीट कळत नसे. ते वर्गातही झाडीबोलीतच शिकवत. उंच, सडपातळ माणूस. विचार करताना खडू धरलेल्या हातानं खांदा खाजवायची सवय, म्हणून प्रत्येक शर्टाच्या उजव्या खांद्यावर पांढरा डाग. मधल्या सुट्टीनंतर त्यांचा तास नसला की ते ग्रंथालयात येत. "काय पुस्तकवाले, काय वाचून राहिले?" असं विचारत, उत्तराची वाट न पाहता एखादं पुस्तक काढत, मधलंच एक पान वाचत आणि पुस्तक होतं तिथंच ठेवून देत. पूर्ण का वाचत नाही, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "पुरं वाचलं का लेखक आपल्याशी भांडाले येते. एका पानात कोणाचंच भांडण होत नाही."

वर्गात ते उत्तर सांगत नसत. मुलगा फळ्यापाशी जाई, चुके, पुसे, पुन्हा चुके. सर दोन्ही हात पाठीमागे घेऊन खिडकीपाशी उभे. घंटा झाली तरी उत्तर नाही. मुलं काकुळतीला येत. "सर, सांगा ना!" तर म्हणत, "मले उत्तर माहीत हाये ना बापा, म्हणून तं मी बोलत नाही. ज्याले माहीत नाही त्यानं बोलावं."

एकदा एक पालक तणतणत शिक्षकांच्या खोलीत आला.

"गुरुजी, पोरगा म्हणते तुम्ही उत्तर सांगतच नाही. मंग पगार कायचा घेता?"

"न सांगाचाच घेतो," सर म्हणाले. "सांगाले तं गाईड हाये. बसा, चहा घ्या."

तो माणूस बसला, चहा प्याला, आणि जाताना मुलाबरोबर आपल्या पुतण्याचीही शिकवणी घ्याल का म्हणून विचारून गेला. सर शिकवणी घेत नसत. शिकवणीत उत्तर सांगावं लागतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

हा स्वभाव कुठून आला ते मला त्यांच्या गावी गेल्यावर कळलं. गाव कॉलेजपासून जवळच. सरांचा समाज तलाव बांधणाऱ्यांचा. गावचा तलावही त्यांच्याच पूर्वजांनी बांधलेला, आणि त्याच्या पाण्यावर सगळ्या गावाचं धान. एका वर्षी रोवणी झाल्यावर पावसानं दडी मारली. तलावाचं पाणी सोडायचं ठरलं. पण आधी कोणाच्या बांधीत? म्हणजे कोणाच्या धानाच्या वाफ्यात? त्यासाठी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, देवळापाशी बैठक होती. सर म्हणाले, "चला पुस्तकवाले, तुम्हाले आमची संसद दाखवतो."

पाणी जिथून सुटतं त्या दाराला तिकडे तुडूम म्हणतात. सरांची बांधी तुडुमाला अगदी लागून. पाणी सुटलं तर पहिलं त्यांच्याच शेतात जाणार, हे कुणालाही दिसत होतं. बैठक तापली. वरचे म्हणत आम्हाला आधी, खालचे म्हणत आमचं जळून चाललं. सर एका कडेला गवताची काडी मोडत बसलेले. त्यांचा धाकटा भाऊ धनराज मागून कोपर मारत होता.

"दादा, बोल ना! काऊन चूप बसला?"

सर चूप. शेवटी गावातले एक म्हातारे म्हणाले, "हेमराज, मास्तर हायेस तू. तू सांग."

सरांनी काडी टाकली. "पह्यले खालच्या टोकाले द्या," म्हणाले.

तसंच ठरलं. खालच्या टोकाचं भागून वर पाळी येईपर्यंत तलावात चिखल उरला होता. कापगत्यांची बांधी भेगाळली आणि एका कोपऱ्यातलं धान करपलं. धनराज दिवाळीपर्यंत दादाशी बोलला नाही.

त्या दिवशी परतताना गाडीवर मी मागे बसलो होतो. सर मान वळवून ओरडून सांगत होते, वाऱ्यात अर्धं ऐकू येत होतं. "आमच्यात असंच असते. ज्याची बांधी तुडुमाले लागून, त्यानं बैठकीत बसावं, पर आपल्यासाठी तोंड उघडू नये. उघडावंच लागलं तं दुसऱ्यासाठी उघडावं. ज्याले पह्यले पाणी लागते त्याची जीभ ओली रायते, पुस्तकवाले. ओल्या जिभेचा भरोसा नाही."

गावातली बाकीची मंडळी ही रीत फक्त पाण्यापुरती पाळत. पाळीवरून उतरले की जो तो आपापलं हवं ते मागायला मोकळा. सरांनी ती अख्ख्या आयुष्याला लावून घेतली होती. स्वतःला काय हवं ते त्यांच्या तोंडून कधी निघत नसे. फार आग्रह झाला तर ते नेमकं उलट सांगत.

वहिनींनी याची किल्ली लग्नानंतर लवकरच शोधून काढली होती. गोंदियाच्या एका कापडाच्या दुकानात मी त्यांच्यासोबत होतो. दुकानदारानं दोन शर्ट पुढे टाकले.

"मास्टरजी, कौन सा पॅक करूँ?"

"वो नीला ठीक है," सर म्हणाले.

"पांढरा बांधा जी, पांढरा," वहिनी म्हणाल्या.

दुकानदार गोंधळला. "मगर भाभीजी, मास्टरजी तो नीला बोले."

"म्हणूनच तं!"

सर छताकडे पाहत होते, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. पल्लवी लहानपणापासून हेच पाहत मोठी झाली. आमरसाची वाटी घेऊन ती विचारायची, "बाबा, आणखी?" ते "नको" म्हणाले की वाढायची, "दे" म्हणाले की वाटी उचलून पळायची. त्या घरातला तो खेळच होता, आणि तिघंही तो मनापासून खेळत. आपल्याला न बोलता ओळखणारी दोन माणसं घरात आहेत, याचं सरांना सुख होतं.

घराबाहेर मात्र या रीतीचा फटका बसे. दिवाळीनंतर त्यांच्या गावची मंडई असते. मंडई म्हणजे जत्रा, आणि जत्रेला नाटक हवंच. एका वर्षी दोन मंडळ्यांची नावं आली. त्यातली एक सरांच्या मेहुण्याची, आणि नाव काढलेली. कमिटीनं सरांचं मत विचारलं. सरांनी दुसऱ्या मंडळीचं नाव घेतलं. नाटकाच्या दिवशी त्या मंडळीच्या नायकाचा घसा बसलेला, नायिका आलीच नाही, आणि तिची वाक्यं पेटीवाल्यानं पेटी वाजवता वाजवता म्हटली. प्रेमाच्या प्रवेशात नायक घोगऱ्या आवाजात पेटीवाल्याकडे पाहून रडला. त्या गावात अजूनही कुणी वाईट काम केलं की "पेटीवाली नायिका" म्हणतात. मेहुणा वर्षभर बहिणीच्या दारात आला नाही.

"सर, चांगलं नाटक हातचं घालवलंत," मी म्हणालो.

"मेहुणा माझा हाये. त्याचं नाव मी घेतलं असतं तं लोकं म्हणाले असते, मास्तरनं घरचंच पाह्यलं."

"आता काय म्हणतात?"

"आता मले शिव्या देतात. ते बरं."

हे सांगतोय ते त्यांना थोर ठरवण्यासाठी नाही. या हट्टापायी धनराजचं धान करपलं, मेहुणा तुटला, गावाचं नाटक बुडालं. वहिनी कधी कधी कंटाळून म्हणत, "यायच्यासोबत राहाचं म्हणजे रोज उलटं पुस्तक वाचाचं." पण तो माणूस तसा होता. आम्ही त्याला तसा वाचायला शिकलो होतो.

पल्लवी नागपूरला इंजिनिअर झाली, पुण्यात नोकरीला लागली, आणि नोकरी करता करताच एमबीएच्या प्रवेश परीक्षेला बसली. मार्क चांगले पडले. दोन मोठ्या संस्थांकडून मुलाखतीला बोलावणं आलं. पूर्वेकडच्या संस्थेची मुलाखत नागपूरलाच झाली. पश्चिमेकडच्या संस्थेनं आपल्या आवारात बोलावलं होतं, आणि तिथं सर सोबत गेले.

पल्लवी आत असताना सर बाहेर विटांच्या कट्ट्यावर बसले होते. शेजारी एक विद्यार्थी चहा पीत होता. सरांनी त्याला बोलतं केलं. त्या मुलानं सांगितलं की इथं प्राध्यापक भाषण देत नाहीत. एखाद्या कंपनीची खरी अडचण वर्गापुढे ठेवतात आणि विचारत राहतात. मुलं भांडतात, फळा भरतो, तास संपतो. सरांनी विचारलं, "तो फिर सर उत्तर कब बताते हैं?" मुलगा हसून म्हणाला, "अंकल, वो तो लास्ट तक बताते ही नहीं!"

परत आल्यावर शिक्षकांच्या खोलीत सरांनी हे किती वेळा सांगितलं असेल! सांगताना दर वेळी उभे राहत. रसायनशास्त्राचे बोरकर सर म्हणाले, "म्हणजे तुमच्यासारखा एक मास्तर भेटला म्हणा की तिथं."

"एक नाही बापा, सारं कॉलेजच!"

त्यांना असं खुललेलं मी क्वचितच पाहिलं होतं. पण घरी त्यांनी यातला शब्दही काढला नव्हता. मला म्हणाले, "निकाल लागाचा हाये अजून. मी बोललो तं पोरगी तिकडंच झुकन."

मे महिन्यात निकाल लागला. दोन्हीकडे प्रवेश मिळाला. घरात पेढे आले, आणि पेढ्यांबरोबर घोर लागला. एकीकडे होकार कळवायचा आणि दुसरीकडची जागा सोडायची, यासाठी थोडेच दिवस होते. पूर्वेकडचं कॉलेज आकड्यांचं. वित्त, संख्याशास्त्र, सगळं गणितावर उभं. पल्लवीचं गणित बापासारखं, तिला ते सोपं गेलं असतं. पश्चिमेकडच्याचं नाव जुनं आणि मोठं, तिथं माणसं आणि कारखाने चालवायला शिकवतात. पुण्यातल्या मैत्रिणी म्हणत पश्चिम. तिचे ऑफिसमधले साहेब म्हणत पूर्व. बोरकर सर म्हणत, जिथं पॅकेज मोठं तिथं डोळे मिटून जा, आणि दोन्हीकडे पॅकेज मोठंच निघे. अंतराचीही मदत नव्हती. गोंदियाच्या स्टेशनातून एकाच लाइनीवर एक गाडी इकडे जाते, एक तिकडे, आणि प्रवास जवळपास सारखाच. "निदान एखादं लांब तरी असायचं," पल्लवी वैतागून म्हणाली होती.

खरं तर तिला सल्ला नकोच होता. सल्ले भरपूर झाले होते. तिला बापाच्या तोंडून एक शब्द हवा होता. ती सकाळी विचारी, जेवताना विचारी. सर म्हणत, "तुले शिकाचं हाये. तू पाहा." ती रुसली. दोन जेवणं तिनं अबोल्यात काढली. मग पुन्हा विचारायला लागली.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी तिनं मलाही बोलावून घेतलं. "काका, तुम्ही या. तुमच्यासमोर तरी बोलतील." अंगणात वहिनी लोणच्यासाठी कैऱ्या फोडत होत्या. पल्लवी बाजेवर लॅपटॉप घेऊन बसलेली. सर पायरीवर बसून फोडींतल्या कोया काढून टोपलीत टाकत होते.

"बाबा, शेवटचं विचारते," पल्लवी म्हणाली. "कुठलं चांगलं, कुठलं वाईट ते नका सांगू. मी पाहीन. तुमच्या मनात काय आहे तेवढं सांगा."

सर कोया काढत राहिले.

"अवो, बोला ना काही," वहिनी म्हणाल्या. "तोंडात का गोटा धरून बसले? पोरगी काकुळतीले आली."

सरांचे हात थांबले. हातातली कोय त्यांनी टोपलीत टाकली नाही, तशीच धरून ठेवली. मग म्हणाले, "मले तं पश्चिमेकडचं बरं वाटते."

मग वहिनींना हसू फुटलं. पल्लवी बाजेवरच उसळली.

"आई, बाबा पश्चिम म्हणाले!"

"म्हणजे पूर्व," वहिनी म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांच्या हातातली कैरी निसटली. "मास्तर, सापडले तुम्ही!"

मलाही हसू आलं. त्या माणसाला ओळखणाऱ्या कुणालाही आलं असतं. शिक्षकांच्या खोलीत उभं राहून सांगणारे सर त्या क्षणी मला आठवलेच नाहीत. सरांनी वहिनींकडे पाहिलं, मग पल्लवीकडे, मग माझ्याकडे. आणि मग तेही हसले.

"पकडलं की नाही बाबा?" पल्लवीनं विचारलं. तिची बोटं चालूच होती. पूर्वेकडच्या कॉलेजला होकार गेला.

"पकडलं," सर म्हणाले. "हुशार हाये पोरगी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते मला महामार्गावरच्या धाब्यावर चहाला घेऊन गेले. ट्रक जात होते. सर चहा बशीत ओतून फुंकर मारत राहिले आणि मध्येच हसायला लागले.

"पुस्तकवाले, काल मी खरं बोललो."

मला कळलं नाही.

"खरंच मले पश्चिमेकडचंच बरं वाटते. त्या कट्ट्यावर बसलो तवापासून. तिनं मत विचारलं असतं तं नसतो बोललो. तिनं मनातलं विचारलं. मले वाटलं, बोलावं आता. सारी उमर चूप राहिलो, एक डाव ओल्या जिभेनं बोलून पाहावं. तं बोललो, न् कोणी समजलंच नाही!" ते पुन्हा हसले. हसता हसता बाहीनं डोळे पुसले.

"मग आत्ता सांगा ना तिला," मी म्हणालो. "फोन करा. मुदत कालच संपली, तरी आजच्या आज बदलता येत असेल."

"नाही, नाही."

"अहो, पण का?"

"तिचं तोंड पाह्यलं ना काल? बापाच्या मनातलं ओळखलं, अशी खूश हाये ते. आता सांगतलं तं कॉलेजबी वाईट वाटन न् ओळखणंबी खोटं ठरन. तिकडचं काही कमी नाही जी. शिकू द्या. पदवी घेईन ना, त्या दिवशी सांगतो तिले. पाहाच कशी चिडते ते." त्या दिवसाची कल्पना त्यांना फार आवडली. पल्लवी काय म्हणेल, वहिनी काय म्हणतील, हे त्यांनी मला आवाज बदलून करून दाखवलं.

उठताना मात्र त्यांनी एक विचारलं. माझ्याकडे न पाहता, दूर जाणाऱ्या ट्रककडे पाहत.

"तिथं मांगच्या बाकावर एखाद्या बापाले बसू देत असतीन का जी, एक तास?"

मी म्हणालो, देत असतील.

जूनमध्ये पल्लवी गेली. दिवाळीआधी सर आणि वहिनी तिला भेटून आले. त्या आवारात मोठी तळी आहेत म्हणे. सरांनी पहिल्याच दिवशी तिथल्या माळ्याला गाठून विचारलं, "ये तालाब किसने बांधा?" माळ्याला ते माहीत नव्हतं. सरांना नवल वाटलं. पल्लवीनं काढलेला एक फोटो मी पाहिला, काठावर सर उकिडवे बसलेत आणि पाण्याऐवजी काठाची माती निरखताहेत. परत आल्यावर मी विचारलं, कसं आहे तिकडचं? म्हणाले, "बरं हाये." ते सरळ होतं की उलट, मला ओळखता आलं नाही.

जानेवारीतल्या त्या मंगळवारी तासाला जाता जाता ते ग्रंथालयाच्या दारात थांबले होते. "काय वाचून राहिले?" मी पुस्तकाचं तोंड त्यांच्याकडे वळवलं. "कसं हाये?" "बरं आहे," मी म्हणालो. "म्हणजे कसं समजाचं?" ते म्हणाले, हसले आणि वर्गाकडे गेले.

तर त्यांच्या उशाशी बसून पल्लवी तसं म्हणाली तेव्हा मी दुसरीकडे का पाहिलं, ते हे.

तिसऱ्या दिवशी कॉलेजातली मंडळी घरी भेटायला गेली. अशा वेळी माणसं गेलेल्याच्या आठवणी काढतात. आधी दबकत, मग थोडं मोकळेपणानं. पगारवाला पालक झाला, पेटीवाली नायिका झाली. वहिनीसुद्धा किंचित हसल्या. मग बोरकर सर म्हणाले, "आणि ते पश्चिमेकडचं कॉलेज! 'लास्ट तक बताते ही नहीं!' काय खूश होता माणूस. आठवडाभर आम्हाला दुसरं काही बोलू दिलं नाही."

पल्लवी चहाचे कप गोळा करत होती. ती थांबली. "कुठलं कॉलेज?" तिनं विचारलं. बोरकर सरांनी पुन्हा सगळं सांगितलं, सरांसारखंच उभं राहून. तिनं कप उचलले आणि आत गेली. परत बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती ग्रंथालयात आली. मुलं वर्गात होती. सर बसायचे त्या खुर्चीवर न बसता ती माझ्या टेबलापाशी उभी राहिली.

"काका, बोरकर सर म्हणाले ते खरं आहे?"

"हो."

"बाबांनी घरी कधीच सांगितलं नाही."

"नाही सांगितलं."

"मग त्या दिवशी अंगणात..."

पदवीच्या दिवशी सर तिला सांगणार होते. आता सांगणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि तिनं विचारलं होतं. मी तिला बसवलं आणि धाब्यावरचं सगळं सांगितलं. बाहीनं डोळे पुसले तेही. मागच्या बाकाचंही. ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत ऐकत होती.

"म्हणजे मी विचारलं, आणि त्यांनी सांगितलं," ती म्हणाली.

"हो."

"आणि आम्ही हसलो."

"तेही हसले ना, पल्लवी."

"ते नंतर." तिचं बोट थांबलं. "आधी त्यांनी एकेकाकडे पाहिलं होतं. मला आठवतंय. मला वाटलं, पकडले गेले म्हणून पाहतायत."

बाहेर शिपाई घंटा द्यायला निघाला होता. थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले.

"माझं कॉलेज चांगलं आहे, काका. मी तिथं रमलेही आहे. तिकडे गेले असते तर जास्त शिकले असते, असं काही नाही."

"ठाऊक आहे मला."

"आयुष्यभर त्यांनी काही मागितलं नाही. एकदा मागितलं, ते माझ्याकडे. आणि मी त्यांना इतकी ओळखत होते की मला ऐकूच आलं नाही."

घंटा झाली. मुलं व्हरांड्यात आली. ती उठली आणि गर्दीतून घरी गेली. त्याच दिवशी तिनं आईलाही सांगितलं.

तेरवी झाल्यावर ती परत गेली. त्यानंतर एकदा मी घरी गेलो, तर वहिनी पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी चहाचं विचारलं नाही, बसा म्हणाल्या नाहीत. एकदम म्हणाल्या, "भाऊजी, बाकीच्या वेळेले तरी मी बरोबर होती का?"

"होतात, वहिनी."

"तुम्हाले काय माहीत?"

मला खरंच काही माहीत नव्हतं. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो.

आता पल्लवी शेवटच्या वर्षाला आहे. सरांच्या जागी आलेले शिक्षक तरुण आहेत, शिकवतातही चांगलं, मुलं अडली की उत्तर सांगतात. मुलांची तक्रार नाही. सुट्टीत पल्लवी आली तेव्हा मी त्यांच्याकडे जेवायला होतो. वहिनींनी तिला विचारलं, "भात वाढू?" ती म्हणाली, "नको." वहिनींचा हात भांड्यावर तसाच राहिला. "खरंच नको, आई," ती म्हणाली, तेव्हा त्यांनी झाकण ठेवलं. मग तिनं आईला विचारलं, परीक्षा संपल्यावर मी नोकरी नागपूरकडे बघू की मुंबईकडे? वहिनी लगेच म्हणाल्या, "नागपूरकडं पाहा. मले एकटं वाटते."

त्या घरात आता विचारलं तर मनात असेल तेच सांगतात. घरात दोघीच आहेत.